मालवणची बोट

गिरगावातील एका जुन्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, एक मुलगा आपल्या आईवडिलांबरोबर व आजोबांबरोबर राहत असे. १९५७ साली तो बारा वर्षांचा होता. घरात सारे त्याला बाळ म्हणत. वडील एका कचेरीत कारकून होते. त्यांना रविवारीसुद्धा काहीतरी लिहिण्याचे काम असे. त्यामुळे रविवारी बाळला फिरायला नेण्याचे काम आपसूकच आजोबांकडे आले होते.

आजोबा मूळचे मालवणचे. उमेदीच्या काळात ते शिडाच्या गलबतावर तांडेल होते. कौले, लाकूड, मीठ, नारळ अशा मालाची ने-आण करीत त्यांनी अर्धे आयुष्य समुद्रावर काढले होते. आता दम्याने त्यांना जेरीस आणले होते. जिना उतरताना ते प्रत्येक मजल्यावर थांबत आणि कठड्याला धरून श्वास घेत. पण एकदा रस्त्यावर आले की त्यांची पावले आपोआप पाण्याच्या दिशेने वळत. कधी ते चौपाटीवर जात. कधी ट्रामने भायखळ्याला उतरून राणीच्या बागेत शिरत. तेथे संग्रहालयाजवळ एक दगडी हत्ती उभा आहे. तो मूळचा समुद्रातल्या घारापुरी बेटावरचा. त्या हत्तीवरूनच परदेशी दर्यावर्दी लोकांनी त्या बेटाला हत्तीचे नाव दिले. बागेतल्या जिवंत हत्तीपेक्षा आजोबांना या दगडी हत्तीचेच अगत्य अधिक. "हा आपल्यासारखाच," ते म्हणत, "बेटावरून मुंबईस आलेला, आणि परत न गेलेला."

परंतु बाळला सर्वांत आवडे ती भाऊच्या धक्क्यावरची फेरी. लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य या गृहस्थांना लोक भाऊ म्हणत. त्यांनी १८४१ साली हा धक्का बांधला, म्हणून तो भाऊचा धक्का. मासळीचा वास, मचव्यांच्या डोलकाठ्यांची दाटी, हमालांचा गलबला आणि या सर्वांवर घुमणारा बोटीचा भोंगा! आजोबा एखाद्या दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसत आणि बाळची परीक्षा घेत.

"आज तिथी कोणती?"

"चतुर्थी, आजोबा."

"मग भरती किती वाजता?"

बाळ मनातल्या मनात हिशेब करी. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची वेळ अदमासे निघते, हे कोकणातले जुने गणित आजोबांनी त्याला शिकविले होते. चारची पाऊणपट तीन. म्हणजे चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास. पौर्णिमेनंतर तिथी पुन्हा प्रतिपदेपासून मोजायची. भरतीची वेळ दररोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते, कारण चंद्रही दररोज तेवढाच उशिरा उगवतो. आणि भरतीपासून सहा तासांनी ओहोटी पुरी होते. पौर्णिमा-अमावास्येला पाणी फार चढते व फार उतरते. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास ते थोडेच चढते आणि थोडेच उतरते; त्याला म्हणतात भांग. शाळेतल्या गणिताच्या गुरुजींना बाळविषयी काहीशी चिंता वाटे. परंतु पाऊणकीच्या पाढ्यात मात्र वर्गात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

या सगळ्या फेऱ्यांत आई कधीच सामील होत नसे. चौपाटीवर ती येई, बागेत येई. पण धक्क्याचे नाव निघाले की ती काही न बोलता स्वयंपाकघरात जाई. त्याचे कारण घरात सर्वांना ठाऊक होते. १७ जुलै १९४७ रोजी 'रामदास' ही बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाण्यास निघाली. ऐन आषाढाचे दिवस. वारा वादळी, समुद्र खवळलेला. रेवसच्या वाटेवर काश्याच्या खडकाजवळ बोट कलंडली आणि थोड्याच वेळात बुडाली. कोळ्यांच्या मचव्यांनी कित्येकांना पाण्यातून उचलले. तरीही सहाशेंहून अधिक माणसे प्राणांस मुकली. आईचा धाकटा भाऊ एका मित्राच्या गावी म्हणून त्या बोटीने गेला होता. तो परत आला नाही. बाळ तेव्हा अवघा दोन वर्षांचा होता. मामाची त्याला आठवण नव्हती. भिंतीवरच्या तसबिरीतला कुरळ्या केसांचा तरुण म्हणजे मामा, एवढेच त्याला माहीत.

तेव्हापासून मे महिन्यात मालवणला जायचे ते खुष्कीच्या मार्गाने, असा घरातला दंडक झाला. रेल्वेने पुणे, तेथे गाडी बदलून कोल्हापूर, आणि कोल्हापुराहून मोटारने फोंडा घाट उतरून कणकवलीवरून मालवण. मोटारीच्या टपावर सामान, आत धूळ, उकाडा आणि घाटातली वळणे. मुक्कामाला पोहोचेपर्यंत सगळ्यांचे चेहरे ओळखू येईनासे होत. समोर समुद्राची सरळ वाट असताना हा द्राविडी प्राणायाम कशासाठी, असा प्रश्न बाळच्या मनात दरवर्षी येई. पण आईच्या मुद्रेकडे पाहिल्यावर तो ओठांवर येत नसे.

१९५७ च्या उन्हाळ्यात आजोबांचा दमा बळावला. मृग लागण्यापूर्वी आपल्या घरी जावे, असा त्यांनी ध्यास घेतला. डॉक्टरांनी त्यांना तपासून स्पष्ट सांगितले की, धुळीचा आणि घाटाचा प्रवास यांना झेपणार नाही. बोटीने नेता आले तर न्यावे. वडिलांना रजा मिळण्यासारखी नव्हती. त्या रात्री घरात कोणी फारसे बोलले नाही. बाळ अंथरुणावर पडून ऐकत होता. बऱ्याच वेळाने आजोबांचा आवाज आला, "सूनबाई, मी आणि बाळ बोटीने जातो. तुम्ही मागाहून गाडीने या. मला समुद्र नवा नाही."

"मामंजी," आई म्हणाली, "तुम्हांला रात्री धाप लागली तर पोराने काय करायचे? मी येईन." एवढे बोलून तिने दिवा मालवला.

मेच्या पहिल्या आठवड्यात, वैशाख शुद्ध अष्टमीच्या दिवशी, सकाळी ती तिघे धक्क्यावर आली. वळकट्या, ट्रंका, फिरकीचा तांब्या, शिदोरीचा डबा. वडील पोहोचवायला आले होते. धक्क्यावर एक निराळीच गंमत चालली होती. १ एप्रिलपासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले होते, आणि जुने आणेही चालत होते. एका आण्याचे सहा नवे पैसे धरायचे; पण चार आण्यांचे मात्र पंचवीस. एक फेरीवाला आण्याला एक याप्रमाणे लिंबे विकीत होता. बाळने चार लिंबे एकदम न घेता एकेक करून घेतली आणि एक नवा पैसा वाचविला. फेरीवाल्याच्या हे ध्यानात आले तेव्हा तो हसला. "मोठेपणी सावकार होशील," असे म्हणून त्याने पाचवे, जरासे डागी लिंबू त्याच्या हातावर ठेवले. बोट लागू नये म्हणून लिंबू हुंगावे, असे चाळीतल्या सगळ्यांनी बजावले होते.

भोंगा झाला. फळी काढून घेतली. वडिलांची आकृती लहान लहान होत गेली. आजोबांनी डेकवर एका कोपऱ्यात सतरंजी अंथरली होती. आई तिच्यावर बसली आणि तिने इकडेतिकडे पाहिले. कठड्याला बुचाच्या गोल कड्या अडकविलेल्या होत्या. तिचे ओठ हलताना पाहून बाळला आधी वाटले की ती स्तोत्र म्हणत आहे. मग त्याच्या लक्षात आले की ती कड्या मोजीत होती.

बोट बंदराबाहेर पडू लागली तेव्हा डाव्या हाताला दूरवर रेवस-मांडव्याचा किनारा निळसर दिसू लागला. आजोबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. आईने त्या बाजूला पाठ फिरविली आणि शिदोरीच्या डब्याची गाठ, ती सुटलेली नसतानाही, पुन्हा घट्ट बांधली. बाळला आजोबांना पुष्कळ विचारायचे होते. तो गप्प राहिला.

मोकळ्या समुद्रावर वारा लागताच आजोबांची धाप आश्चर्य वाटावे इतकी कमी झाली. दुपारभर त्यांनी बाळला किनारा वाचायला शिकविला. हे खांदेरीचे बेट, त्यावरचा हा दीपस्तंभ. तो पुढे आलेला डोंगर कोरलईचा. हर्णैच्या समोर पाण्यात उभा आहे तो सुवर्णदुर्ग. प्रत्येक बंदराजवळ बोट समुद्रातच थांबे. किनाऱ्यावरून पडाव येत, माणसे उतरत, माणसे चढत, आणि बोट पुन्हा चालू लागे. डेकवर अनोळखी माणसांची एका तासात घरे झाली होती. एका सतरंजीवरचा चिवडा तिसऱ्या सतरंजीवर पोहोचत होता. एक वृद्ध बाई आईला आपल्या सुनेच्या कागाळ्या सांगत होत्या, आणि आई चक्क हसत होती. निदान बाळला तरी तसे वाटले.

अंधार पडल्यावर दीपस्तंभ बोलू लागले. ते अक्षरशः बोलतात, असे आजोबांचे म्हणणे. प्रत्येक दीपाची लुकलुकण्याची रीत निराळी असते. कोणी ठराविक सेकंदांनी एकदाच चमकतो. कोणी दोनदा चमकून मग विश्रांती घेतो. तांडेल तो काळ मोजतो आणि नकाशा न उलगडताही, आपण कोणत्या गावासमोर आहोत, हे ओळखतो. दोन शेजारच्या दीपांची रीत सारखी ठेवली तर किती गलबते खडकांवर जातील! बाळ मोजू लागला: एक, दोन, तीन, चार... त्याच्या मागून आणखी एक हळू आवाज मोजीत होता. त्याने वळून पाहिले. आई जागी होती. रत्नागिरी मागे पडेपर्यंत ती दोघे मोजीत राहिली.

विजयदुर्ग गेले, देवगड गेले. मध्यरात्र उलटली होती. अष्टमीचा अर्धा चंद्र मावळतीला तांबूस दिसत होता. एकाएकी बाळच्या मनात एक हिशेब आला आणि तो दचकला. आठची पाऊणपट सहा. भरती संध्याकाळी सहाच्या सुमारास झाली. म्हणजे आता ओहोटी! आणि मालवणचे बंदर तर खडकांनी भरलेले. म्हणूनच तर बोट दूर उभी करावी लागते. हे तो आजोबांच्या कानात बोलायला गेला. पण घाईत त्याचा आवाज मोठा झाला. आईने ते ऐकले. तिचा चेहरा कंदिलाच्या उजेडातही पांढरा दिसला.

आजोबा मात्र प्रसन्न झाले. "हिशेब बरोबर," ते म्हणाले, "पण अर्धाच केलास. आज अष्टमी, म्हणजे भांग. पाणी फार हटलेले नाही. आणि पडाववाले जन्मापासून या खडकांत वावरलेले आहेत. आता दुसरी गोष्ट ऐक, सूनबाई, तुम्हीही ऐका. पडाव खालीवर होत असतो. तो वर येईल तेव्हा पाय टाकायचा. खाली जात असताना कधीही टाकायचा नाही. आणि हाताची पकड आपण धरायची नाही, खलाशी धरील."

बोट थांबली. साखळी खडखडत नांगर पाण्यात गेला. अंधारातून कंदील हेलकावत आले, आणि पाठोपाठ मालवणी बोलीतली आरडाओरड. शिडी सोडण्यात आली. पहिल्याने सामान गेले, मग काही माणसे. आजोबांची पाळी आली तेव्हा ते क्षणभर थांबले, पडाव वर येताच पाय टाकला आणि फळीवर जाऊन बसले. जणू चाळीच्या शेवटच्या पायरीवरून अंगणात उतरले.

आई शिडीच्या टोकाशी उभी राहिली. पडाव वर आला. तिने पाय उचलला आणि मागे घेतला. पडाव खाली गेला. तो पुन्हा वर आला. खलाशाने हात पुढे केले. तिने पुन्हा पाय मागे घेतला. मागचे लोक कुरकुरू लागले. खाली काळे पाणी बोटीच्या अंगावर आपटत होते. बाळला आईचा हात धरावासा वाटला. परंतु पकड आपण धरायची नाही, हे त्याला आठवले. तो तिच्या मागे राहून फक्त मोजू लागला, दीप मोजावे तसे: एक, दोन, तीन, चार... चारला पडाव वर येत होता.

रागावले किंवा गहिवरले म्हणजेच आजोबांच्या तोंडून मालवणी निघे. पडावातून त्यांचा धापा टाकणारा आवाज आला, "भिया नको गो चेडवा, मी आसंय!"

सुनेला त्यांनी आजवर कधी एकेरी हाक मारली नव्हती.

चारच्या अंकाला आईने पाय टाकला. खलाशाने तिला अलगद धरून फळीवर बसविले. बाळ कसा उतरला, हे त्याचे त्यालाच कळले नाही. पडाव खडकांमधून वाट काढीत निघाला. एक माणूस पुढे वाकून कंदील धरी आणि नुसते "डावीकडे", "उजवीकडे" एवढेच म्हणे. किनारा जवळ आला तेव्हा पडाव वाळूत टेकला. पुढचे चार पावलांचे पाणी चालूनच पार करायचे होते. आजोबांना एका तरुणाने खांद्यावर घेतले. आई लुगडे सावरून गुडघाभर पाण्यात उतरली. सारे लोक पुढे गेले, तरी ती तेथेच थोडा वेळ उभी होती. बाळने हाक मारली तेव्हा ती वाकली, ओंजळभर पाणी घेऊन तिने डोळ्यांना लावले आणि बाहेर आली.

मालवणच्या त्या सुट्टीत काय केले नाही असे नव्हते. आंबे, फणस, करवंदे यांविषयी वेगळे सांगायला नकोच. पहाटे किनाऱ्यावर रापण ओढली जाई. समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडलेले लांबलचक जाळे दोन्ही टोकांनी माणसे दोरांनी ओढून आणीत; ज्याने दोराला हात लावला त्याला मासळीचा थोडाफार वाटा मिळे. बाळच्या तळहातांना फोड आले आणि वाट्याला चार बांगडे आले. ते घरी नेताना त्याची छाती अशी फुगली होती की, आजी दारातूनच म्हणाली, "आता मुंबैक जावन् काय करतलस? हयंच रव."

एके दिवशी सगळे सिंधुदुर्ग पाहायला गेले. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर या जलदुर्गाचे काम सुरू केले. किल्ल्यात महाराजांचे मंदिर आहे. चुन्यात उमटलेले हाताचे आणि पायाचे ठसे महाराजांचे म्हणून दाखवितात. पण बाळला नवल वाटले ते विहिरींचे. चहूंकडे खारे पाणी, आणि मध्ये दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी! दूधबावीचे पाणी त्याने तीनदा पिऊन पाहिले. किल्ल्याला जायला होडीशिवाय मार्ग नाही. आई होडीत चढली, तेव्हा कोणी तिच्याकडे मुद्दाम पाहिले नाही. सगळ्यांनी तसे ठरविले होते काय, कोण जाणे.

मेच्या अखेरीस परत निघायची वेळ आली. आजोबा मालवणासच राहणार होते. तिकिटे कोणती काढायची, असा प्रश्न निघाला, तेव्हा आई म्हणाली, "बोटीची. पाऊस सुरू झाला की बोट बंद होईल, त्याआधी निघू." पहाटे आजोबा किनाऱ्यापर्यंत आले. बाळने वाकून नमस्कार केला. आजोबांनी विचारले, "आज तिथी कोणती?" बाळला त्या दिवशी उत्तर देता आले नाही. त्याचा गळा दाटून आला होता.

पावसाळ्यात धक्क्यावरच्या फेऱ्या थांबल्या. रविवार रिकामे वाटू लागले. श्रावणात मालवणहून एक कार्ड आले. अक्षर थरथरते होते. धाप बरी आहे, विहिरीला पाणी भरपूर आहे, नारळी पौर्णिमेला भरती किती वाजता ते कळवावे, एवढाच मजकूर.

बाळने उलट टपाली उत्तर लिहिले: पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. सकाळी सव्वाअकराला.

पौर्णिमेच्या दिवशी शाळेला सुट्टी होती. दहाच्या सुमारास आई पाटावर नारळ ठेवून त्याला हळदकुंकू लावीत होती. तिने बाळला विचारले, "ट्राम भायखळ्याला थांबते ना? तिथून पुढची वाट तुला ठाऊक आहे?"

ती दोघे धक्क्यावर पोहोचली, तेव्हा पाणी पायऱ्यांवर चढत होते. उधाणाची भरती, लाटा थेट दोरखंडांपर्यंत शिंतोडे उडवीत होत्या. कोळ्यांनी मचवे पताकांनी सजविले होते, आणि सगळीकडे गुलाल व गाणी. आजोबांची नेहमीची जागा बाळने आईला दाखविली. ती तेथे बसली नाही. नारळ पदराखाली धरून ती काठाशी उभी राहिली.

"बाळ," ती म्हणाली, "रेवस कोणत्या बाजूला आहे?"

बाळने समोरच्या घारापुरीवरून बोट उजवीकडे नेत नेत करंजाच्या डोंगरापाशी आणले आणि त्याच्या किंचित उजवीकडे थांबविले. "ते तिकडे. आग्नेयेला. आज ढगांमुळे दिसत नाही."

आईने तिकडे तोंड केले.